शिल्लक एक

१

दीपमाला नेमकं काय करते हे प्रताप नगरच्या त्या गल्लीत कोणालाच धड सांगता यायचं नाही. ‘समुद्राचं काहीतरी करते,’ एवढं म्हणून लोक विषय बदलायचे. नागपुरात बसून समुद्राचं काहीतरी करणारी बाई म्हणजे गंमतच, कारण इथून कुठल्याही बाजूने निघालं तरी समुद्र गाठायला रात्रभराची गाडी लागते. दीपमालाही या गोष्टीवर हसायची. नोकरीला अठरा वर्षं झाली होती, आता हसायचीही सवय झाली होती.

काम तसं सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. किनाऱ्यावरच्या एखाद्या उथळ उपसागरात बादलीभर पाणी ओतलं तर ते तिथे किती दिवस राहील? भरती ते आत ढकलते, ओहोटी बाहेर ओढते, वारा मधेच तिसरंच काहीतरी करतो. काही पाणी आठवड्यात मोकळं होतं, काही कोपऱ्यात शिरून महिनेच्या महिने बसून राहतं. या राहण्याच्या मुदतीला निवासकाळ म्हणतात. बंदर बांधणाऱ्यांना तो आकडा लागतो, कोळंबीवाल्यांना लागतो, सांडपाणी सोडणाऱ्यांना तर लागतोच लागतो.

दीपमाला तो आकडा संगणकावर काढायची. पडद्यावर उपसागराचा नकाशा, त्यात सोडलेले दहा हजार ठिपके. एकेक ठिपका म्हणजे पाण्याचा एकेक कण. मग भरती-ओहोटी सुरू करायची आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत संगणकाने वर्षभराचे दिवस उरकलेले असायचे आणि खाली तीन आकडे उमटलेले असायचे: सोडलेले किती, बाहेर गेलेले किती, शिल्लक किती.

सध्याचा उपसागर पूर्व किनाऱ्यावरचा होता, गोदावरीच्या मुखाच्या थोडा वर. पोळ्यानंतर नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते, त्याच्या दुसऱ्या दिवशी दीपमाला चहा पिऊन जागेवर आली आणि आकडे पाहिले. सोडलेले दहा हजार. बाहेर गेलेले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. शिल्लक एक.

तिने वर्षाऐवजी दोन वर्षं चालवलं. शिल्लक एक. वारा वाढवला, भरती दीडपट केली, ठिपके नव्या जागी सोडले. शिल्लक एक.

“जाऊ द्या ना मॅडम,” शेजारच्या टेबलावरून विहंग म्हणाला. तो तिच्या हाताखाली नुकताच लागलेला, हुशार आणि थोडा घाईचा मुलगा होता. “दस हजार में से एक. किनाऱ्याच्या रेषेत अडकला असेल कुठेतरी.”

असं होतं कधीकधी. दीपमालाने मान हलवली, संगणक बंद केला आणि घरी निघाली. निघताना उगाचच तिला वाटलं की खोलीत कोणाला तरी एकटं सोडून आपण चाललो आहोत.

२

घरी आई होती. शोभाताई, वय एकाहत्तर, गुडघे दुखरे, बाकी खणखणीत. दीपमालाचं लग्न जमलं नव्हतं आणि पुढे तिने जमवलंही नव्हतं, त्यामुळे आता त्या तीन खोल्यांत दोघीच.

वडील मारोतराव जाऊन चार वर्षं झाली होती. ते पाटकरी होते. कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचं ते पाहायचं, झाप, म्हणजे पाणी अडवायचं दार, उचलायची, पाडायची, यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. माणूस भिडस्त. ओठ हलवल्याशिवाय काम होत असेल तर ओठ हलवायचे नाहीत. पण बाहेर जायचं म्हटलं की त्यांच्या अंगात काय यायचं कोण जाणे. पाऊण तास आधी चपला घालून, पिशवी खांद्याला लावून दारात उभे. इकडे शोभाताईंचं दूध झाकणं, गॅस बंद करणं, पदर नीट करणं चालू असायचं. मारोतराव दारातून दोन पावलं आत यायचे, “झालं काय वं?” म्हणायचे आणि पुन्हा जाऊन उंबऱ्याशी उभे राहायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारात यात बदल झाला नाही.

जायच्या दोन वर्षं आधी ते बाथरूममध्ये पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी रोज संध्याकाळी घरातल्या घरात चालायला सांगितलं. पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं. साडेसहा वाजले की ते चालू व्हायचे. पाच पावलं टाकायची, सहाव्याला फ्रिजवर हात टेकून दम खायचा, मग उरलेली पाच, दारात थोडं थांबायचं आणि वळून परत. हा व्यायाम त्यांना मनापासून आवडायचा नाही, पण डॉक्टरला नाही म्हणायची भीड होती.

त्या संध्याकाळी दीपमाला हॉलमध्ये बसून मेथी निवडत होती. आईने टीव्ही बंद केला. रोज साडेसहाला आई टीव्ही बंद करते हे दीपमालाच्या तेव्हा प्रथमच लक्षात आलं.

घर शांत झालं तसा बाथरूमचा नळ ऐकू आला. टप. टप. टप.

“वायसर गेला वाटते,” दीपमाला म्हणाली.

“असू दे,” आई म्हणाली.

दीपमाला मेथी निवडत राहिली आणि कधी मोजायला लागली ते तिलाही कळलं नाही. मोजणं हा तिचा धंदाच होता. पाच थेंब सारख्या अंतराने पडले. सहावा उशिरा पडला. मग पुन्हा पाच. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा पाच, आणि सहावा उशिरा.

माणसाच्या कानाला ताल हुडकायची खोड असते, हे तिला ठाऊक होतं. पंख्याच्या आवाजातही आपण गाणी ऐकतो. दुसऱ्या दिवशी तिने प्लंबर बोलावला, वायसर बदलला, नळही नवा बसवून घेतला. संध्याकाळी साडेसहाला आईने टीव्ही बंद केला, आणि नवा कोरा नळ अकरा थेंब टाकून थांबला.

३

कण कुठे अडकला आहे हे पाहायला दीपमालाने तीन आठवडे घेतले. एरवी ते पाच मिनिटांचं काम. कणाचा मार्ग मागायचा, संगणक रेघ काढून देतो. पण तिचा हात त्या बटणाकडे जायचा आणि दुसरंच काही करून परत यायचा.

अखेर तिने रेघ काढली. कण किनाऱ्यात अडकला नव्हता. तो उपसागराच्या मधोमध, मोकळ्या पाण्यात होता आणि चालत होता.

दुसरा शब्द तिला सुचला नाही. बाकीच्या कणांच्या रेघा म्हणजे गुंतलेली लोकर. ही रेघ सरळ होती. पाच तास पुढे, मग एक तास जागच्या जागी रेंगाळणं, पुन्हा पाच तास पुढे. मग थांबणं. मग वळून त्याच वाटेने परत. समुद्रात भरती-ओहोटी सहा-सहा तासांनी उलटते, त्यामुळे त्या पाण्यात अकरा तास सरळ जाणारं काहीही नसतं. नसायलाच हवं.

“विहंग, हे बघ जरा.”

विहंगने पाहिलं, खुर्ची जवळ ओढून पुन्हा पाहिलं. “आकडेमोडीतली चूक आहे मॅडम. पण चूक इतकी नियमित कशी?” तो हसला, पण लवकर थांबला. “कोणी फेऱ्या मारतंय असं वाटतं ना?”

दीपमाला पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि जिन्यात बसली. तिला वडील आठवत होते, पण त्याहून जास्त तिला स्वतःचा एक हिशोब आठवत होता.

मारोतरावांनी आयुष्यभर पाणी जाताना पाहिलं होतं. लहानपणी दीपमाला त्यांच्याबरोबर कालव्यावर जायची तेव्हा ते म्हणायचे, “हे जाते कुठं शेवटी, ते पाह्यचं आहे मले एकदा.” समुद्र त्यांनी कधीच पाहिला नाही. दीपमालाने पुरीची तीन तिकिटं काढली ती नेमकी दोन हजार वीसच्या एप्रिलची. गाड्याच बंद झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात दवाखान्याच्या आतून त्यांचा फोन आला. दम लागत होता. ते एवढंच म्हणाले, “पुरी राह्यली. आता वाहत्या पाण्यात सोडजो बेटा. मी जाईन माह्या माह्यानं.” तिने हो म्हटलं. दोन दिवसांनी ते गेले.

तेव्हा रस्ते बंद होते. नदीवर जायची परवानगी नव्हती. पारशिवनीच्या पलीकडे त्यांच्या गावी जायचा पास तेवढा मिळाला, आणि गावाला होतं ते तळं. अस्थी वाहत्या पाण्यात सोडायच्या असतात. आई तळ्याच्या काठी कलश घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “हे तं थांबलेलं पाणी होय वं.”

तेव्हा दीपमालाने दुसऱ्या कोणत्याही लेकीने केलं नसतं ते केलं. तिने निवासकाळ काढला. तळ्याचा जुना नकाशा तिच्याकडे होता. तळ्यात पाणी किती, पावसाळ्यात सांडव्यावरून वाहतं किती, भागाकार करून तिने उत्तर सांगितलं: अडीच महिने. सांडवा म्हणजे बांधातली ती खालची जागा, जिथून भरलेलं तळं नाल्यात उतरतं. नाला पेंच नदीत, पेंच कन्हानात, कन्हान वैनगंगेत, वैनगंगा पुढे गोदावरीला, गोदावरी समुद्राला. “दिवाळीच्या आत बाबा पोचतात, आई. गणित आहे.” आईने तिच्याकडे पाहिलं आणि कलश पाण्यात धरला.

त्या गणितावर दीपमाला चार वर्षं जगली होती. वडिलांना पुरीला नेता आलं नाही, पण निदान वाट काढून दिली, एवढं तिला समाधान होतं.

४

त्या संध्याकाळी तिने नळाचं नाव काढलंच.

“आई, तुले ऐकू येते काय?”

शोभाताई पलंगावर बसून अंबाडीची पानं खुडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “सहावा उशिरा पडते,” त्या म्हणाल्या. “फ्रिजले हात टेकतात ते.”

दीपमाला पलंगाजवळ आली. ती खाली बसली.

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासूनच. आधी मले वाटलं मनाचे खेळ होय. मंग सवय झाली. बरं वाटते.” आईने खुडलेली पानं सुपात टाकली. “तू घाबरशील म्हणून नाई सांगतलं.”

“पण ते तं गेले आई. अडीच महिन्यात गेले. मी गणित...”

“नाई गेले.” आईचा आवाज अगदी साधा होता. “मी जाऊ नाई देलं.”

मग तिने सांगितलं. अस्थी सोडून आल्यावर पंधरा दिवसांनी, पाऊस लागायच्या आत, तिने गावी आनंदरावांना फोन केला होता. आनंदराव म्हणजे मारोतरावांचे चुलतभाऊ. त्यांना सांगून तिने सांडवा बुजवून घेतला. कमरेएवढी भिंत, दगड आणि माती. मासेवाले आणि शिंगाडेवाले खूश, तळ्यात पाणी जास्त राहायला लागलं. तेव्हापासून तळं एकदाही वाहिलं नाही.

“काहून आई? काहून केलं असं?”

“ते बल्लारशाच्या पुढं कधी गेले नाई, दीपा. रामटेकले जायचं तं तिकीट मी काढत होती. कोणाले रस्ता विचारायचा तं त्याईले लाज वाटे. अन् तू म्हणते इतक्या नद्या बदलायच्या. एकटे कसे जातीन ते? मी म्हटलं, थांबा जरासे. मी येईन तेव्हा संगं जाऊ.”

“मी बाबाले शब्द देला होता.”

“मीबी देला होता,” आई म्हणाली. “तुह्या आधी.”

दीपमालाला राग आला आणि रडूही आलं, आणि यातलं काय आधी येऊ द्यायचं ते तिला ठरवता येईना. मग ती तिच्या कामाच्या आवाजात बोलायला लागली, कारण दुसरा आवाज निघत नव्हता. ज्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही ते उन्हानेच कमी होतं. पण उडून जातं ते नुसतं पाणी. पाण्यात मिसळलेलं मागेच राहतं. दर उन्हाळ्यात तळं आटतं, दर पावसाळ्यात भरतं, आणि जे मिसळलं ते तिथल्या तिथे.

“त्याचा निवासकाळ मोजताच येत नाही आई. तो संपतच नाही.”

शोभाताईंनी हातातलं देठ सुपात ठेवलं. बाथरूममध्ये पाच थेंब पडले. सहावा इतका उशिरा पडला की दोघीही श्वास धरून बसल्या.

“चार वर्षं झाली,” आई हळू आवाजात म्हणाली. “व्यायामाचा केवढा कंटाळा होता त्याईले. थकले असतीन.”

५

रविवारी दोघी गाडी करून गावी गेल्या. भादवा संपत आला होता, ऊन चांगलंच होतं, धानाला लोंब्या धरल्या होत्या. आनंदराव बांधावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन उभेच होते. सत्तरीचे, काटक, डोक्याला दुपट्टा बांधलेला.

“वहिनीनं बांध म्हटलं, बांधला. आता वहिनी फोड म्हणते, फोडतो. माह्यं काय जाते?” ते म्हणाले. “शिंगाडेवाले बोंबलतीन थोडे. पण या कोपऱ्यात तसंबी ते उतरत नाईत.”

“काहून?” दीपमालाने विचारलं.

“पाण्यात कोणी बाजूनं चालते म्हणतात. मी नाई पाह्यलं बा,” असं म्हणून त्यांनी सब्बल उचलली.

भिंतीवर बेशरमाची झुडपं वाढली होती. पाणी भिंतीच्या काठोकाठ आलं होतं, पण वाहत नव्हतं. तळं हिरवट आणि गप्प होतं. वारा नव्हता. दीपमालाने पाणी खूप पाहिलं होतं, पण आपल्याकडे पाहत असलेलं पाणी ती पहिल्यांदा पाहत होती. असं वाटण्याला काही आधार नाही, हेही तिने स्वतःला बजावलं.

पहिला दगड निघाला. दुसरा निघाला. मातीचा एक लपका सुटला आणि पाण्याची करंगळीएवढी धार नाल्यात उतरली. ती रुंद होत गेली. आनंदराव बाजूला झाले आणि दम खायला झाडाखाली जाऊन बसले.

मग पलीकडच्या काठाजवळ पाण्यावर एक वलय उठलं. अलीकडे दुसरं. मग तिसरं. मासा असेल, दीपमालाला वाटलं. मासे असतातच. पाचव्या वलयानंतर पाणी शांत राहिलं. तिने आईचा हात धरला. आईचा हात आधीच तिच्याकडे आला होता. मग सहावं वलय उठलं, आणि त्यापुढे सगळी भरभर, भिंतीच्या खिंडारापर्यंत. अकरा.

खिंडारातून पाणी एकसारखं वाहत होतं. आता ते मधेच दोन ठिकाणी फाटलं. कालव्यात माणूस उभा राहिला की पाणी त्याच्या पायांभोवती जसं फाटतं आणि मागे जाऊन जुळतं, तसं. एक पाय किंचित तिरपा, खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाचा. तिथे काहीच नव्हतं. ऊन थेट तळाच्या दगडापर्यंत पोचत होतं.

शोभाताईंनी डोक्यावर पदर घेतला. “व्हा पुढं,” त्या पाण्याला म्हणाल्या. “कोणाले विचारायचं काम नाई. पाणी जाते तिकडं जायचं. तुमचंच काम होय ते. मी येते मागून.”

पाणी थोडा वेळ तसंच फाटलेलं राहिलं. मग ते जुळलं आणि सरळ वाहायला लागलं. दीपमालाला रडू आवरेना. आईचे डोळे मात्र कोरडे होते. ती नाल्याच्या वळणाकडे पाहत होती, गाडी सुटल्यावर फलाटावरचा माणूस पाहतो तशी.

६

त्या संध्याकाळी नळ वाजला नाही. साडेसहाला आईने टीव्ही बंद केला, दहा मिनिटं बसली आणि परत चालू केला. घर मोठं झाल्यासारखं वाटत होतं. दीपमालाने कबूल केलं नसतं, पण तिलाही तो आवाज हवासा वाटत होता.

ऑफिसात शिल्लक एकच होती, पण कणाची चाल बदलली होती. आता तो वळून मागे येत नव्हता. अकरा तास पुढे, थोडा थांबा, पुन्हा अकरा तास पुढे. रोज संध्याकाळी दीपमाला तो कुठवर आला ते पाहायची. वाटेत धरणं आहेत, बंधारे आहेत, हे सगळं धरून तिने पुन्हा गणित केलं होतं आणि यावेळी कोणालाच सांगितलं नव्हतं. साधारण चाळीस दिवस.

दिवाळी झाली. कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कण उपसागराच्या तोंडाशी पोचला. पडद्यावर तिथे एक रेघ असते, आतलं पाणी आणि बाहेरचा समुद्र यांच्यामधली. तिच्यापलीकडे गेला की कण मोजून संपतो. दीपमालाने हात जोडले, विहंग समोर असताना जोडले, आणि बटण दाबलं.

शिल्लक एक.

कण बरोबर रेघेवर उभा होता. दिवसांमागून दिवस भरती आली आणि गेली, बाकीचे हजारो ठिपके त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले, तो जागचा हलला नाही.

घरी गेल्यावर आईने विचारलं, “पोचले काय?”

खोटं बोलावं असं दीपमालाच्या मनात आलं होतं. पण तिच्या घराण्यात ते कोणाला जमलं नव्हतं. “दारापर्यंत पोचले,” ती म्हणाली. “तिथंच उभे आहेत.”

आई हसली. इतक्या दिवसांत ती अशी हसली नव्हती. तिच्या चेहऱ्यावरची निम्मी वर्षं उतरल्यासारखी झाली. “माहीत होतं मले,” ती म्हणाली. “दारात उभं राह्यची सवयच हाये त्याईले. माह्या चपला घालून होतपर्यंत.”

दीपमाला हसायला गेली आणि आईच्या चपलांकडे पाहून थांबली.

दुसऱ्या दिवसापासून आई आवराआवर करायला लागली. मोठी परात शेजारच्या लतिकाला देऊन टाकली. लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, कोणतं आधी संपवायचं त्याच्या. तब्येत ठणठणीत होती. डॉक्टरने तपासून सांगितलं, काही नाही, वयाच्या मानाने उत्तम. आईच्या चपला मात्र रोज दाराशी दिसायच्या, तोंड बाहेर करून ठेवलेल्या. दीपमाला त्या उचलून कपाटात ठेवायची. सकाळी त्या पुन्हा दाराशी असायच्या.

७

“मॅडम, रिपोर्ट द्यायचाय या आठवड्यात,” विहंग म्हणाला. “तो एक कण काढून टाकतो मी. दोन मिनिटांचं काम आहे.”

“त्याला हात लावायचा नाही,” दीपमाला म्हणाली. आवाज जरा चढलाच. मग तिने सावरून घेतलं, “दहा हजारात एकाची चूक चालते. तसं लिहून देऊ.”

आता तिच्या दिवसाला एक नवीन शेवट आला होता. साडेपाचला ती सगळं बंद करायच्या आधी एकदा गणित चालवायची आणि आकडा पाहायची. पूर्वी तो एक तिला खुपायचा. आता तो दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. शिल्लक एक, म्हणजे ते अजून उभे आहेत. ते उभे आहेत, म्हणजे आई घरी आहे. इतकं साधं गणित अठरा वर्षांत तिच्या वाट्याला आलं नव्हतं. समुद्रात पाणी किती दिवस राहतं हे तिने अनेकांना सांगितलं होतं. घरात माणूस किती दिवस राहतं हे तिला कोणी सांगणार नव्हतं, आणि सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका गुरुवारी, आकडा उमटला. शिल्लक एक. तिने सुटकेचा श्वास घेतला आणि सवयीने रेघ पाहिली.

कण रेघेवर नव्हता. तो दोन पावलं आत आला होता. तिथे थोडा थांबला होता आणि परत जाऊन रेघेवर उभा राहिला होता.

दीपमालाने संगणक बंद केला नाही. पर्सही टेबलावरच राहिली. तिने स्कूटर काढली आणि कुठले सिग्नल लागले, कुठले तिने सोडले, हे तिला नंतर आठवलं नाही.

दार सताड उघडं होतं. गॅसचं बटण खाली बंद केलेलं, दुधावर झाकणी ठेवलेली. शोभाताई धुतलेलं लुगडं नेसून पलंगाच्या काठावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, केस नीट विंचरलेले. पायात चपला होत्या. साडेसहाला पाच मिनिटं कमी होती.

दीपमाला तिच्यासमोर फरशीवर बसली. तिने आईचा एक पाय मांडीवर घेतला आणि त्यातली चप्पल काढली. मग दुसरा पाय घेतला. पाय गार होते. तिने ते दोन्ही हातांनी चोळले.

“आई, चहा टाकते मी,” ती म्हणाली. “एक कप घे माह्यासंगं. मंग पाहू.”

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. मग दीपमालाच्या खांद्यावरून, उघड्या दाराकडे पाहत, बेचाळीस वर्षांच्या सवयीने ती जराशी चिडून म्हणाली, “आली, आली. येऊन राहिली ना. दोन मिनिटं थांबा. पोरगी चहा टाकून राहिली.”

दीपमाला मागे वळली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली, पातेल्यात दोन कपांऐवजी चार कप पाणी ओतलं आणि गॅस अगदी बारीक केला.